विधी कुणाच्या हातात?

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं कोल्हापुरात कुणी कुणाला विचारत नाही. इथले प्रश्न वेगळे असतात. यंदा जोतिबाला जाऊन आलास का? अंबाबाईची ओटी भरली का? त्र्यंबोलीला पाणी घातलं का? उत्तर येतं, ‘घातलं की’, नाहीतर ‘यंदा राहिलंच बघा’. पोथ्या आहेत, करवीर माहात्म्य आहे, केदारविजय आहे. पण त्या मानतो म्हणून कुणी भक्त ठरत नाही आणि मानत नाही म्हणून कुणाला बाहेर काढत नाहीत. देव न मानणारा पोरगाही आईला घेऊन जोतिबाचा, वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतो आणि गुलालानं माखून उतरतो. या देवधर्मात माणूस असतो तो काय मानतो यामुळे नव्हे, काय करतो यामुळे.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. अशा धर्मात सामाजिक सुधारणा शिरते कुठून? ज्या धर्माचा सगळा भार ग्रंथावर असतो, तिथे सुधारक ग्रंथ उघडतो आणि वचनाचा नवा अर्थ लावून दाखवतो. इथे ती सोय नाही. इथे सुधारकाला विधीपाशीच यावं लागतं. हा विधी कोण करणार, कुठे करणार, कशानं करणार आणि तो चालू असताना कुणाला लांब उभं करणार, एवढेच प्रश्न त्याच्या हाती असतात. कोल्हापूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एवढे प्रश्न पुरून उरलेले दिसतात.

सुरुवात पंचगंगेच्या घाटावरच झाली. 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे स्नानाला जात. भटजी मंत्र म्हणत ते वेदोक्त नव्हे, शूद्रांसाठीचे पुराणोक्त. सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आणून दिली. भटजी स्वतः आंघोळही न करता आले होते, असं सांगतात. शूद्रासाठी म्हणायच्या मंत्रांना त्याची गरज नाही, हे त्याचं कारण. एवढ्याशा गोष्टीतून वेदोक्त प्रकरण पेटलं. राजाच्या हाती खजिना होता, फौजफाटा होता, पण नदीत उभं राहिल्यावर तो कोण, हे दुसराच माणूस ठरवत होता. महाराजांनी वाद नुसता मंत्रांपुरता ठेवला नाही. 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारा आदेश निघाला, तेव्हा वेदोक्ताचा वाद धुमसतच होता. 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला आणि ब्राह्मणाविना लग्नं लागू लागली. 1920 मध्ये तर ब्राह्मण धर्मगुरूंना पर्याय म्हणून क्षात्रजगद्गुरूंचं पीठ उभं राहिलं. घाटावरचा प्रश्न असा कचेरीपर्यंत आणि लग्नमंडपापर्यंत गेला.

पश्चिमेकडे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या देवदेवतांची, निसर्गाची पूजा नव्यानं सुरू करणारे लोक आहेत. ते स्वतःला पेगन म्हणवतात. पूजा आणि समाजकारण एकत्र यावं का, हा वाद त्यांच्यातही आहे. अमेरिकेतल्या स्टारहॉक या लेखिकेनं 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅनियन अणुवीज केंद्राविरुद्धच्या धरण्यात भाग घेतला. धरतीला देवी म्हणायचं तर तिच्यासाठी रस्त्यावर उतरायलाच हवं, ही त्यामागची धारणा. उलट, पूजेच्या रिंगणात राजकारण नको, असं म्हणणारेही त्यांच्यात भरपूर. त्यांना ही निवड करता येते, कारण त्यांची पूजा बहुधा मोजक्या मंडळींची असते. कोल्हापूरकराला ती मोकळीक नाही. अंबाबाई सगळ्या गावाची आहे. तिला काय नेसवायचं हासुद्धा इथे सार्वजनिक प्रश्न होतो. जून 2017 मध्ये देवीला घागरा-चोळी घातली गेली आणि शहर खवळलं. काठापदराच्या साडीतल्या आईला हा पोशाख कुणाला विचारून घातला, इथून सुरू झालेलं बोलणं थेट वंशपरंपरागत पुजारी हवेत कशाला, इथवर गेलं. 2018 मध्ये विधिमंडळानं पगारी पुजाऱ्यांचा कायदा केला. घागरा-चोळीच्या आदल्या वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाई गाभाऱ्यात गेल्या तेव्हा त्यांना धक्काबुक्की झाली होती. पोशाखावरून आंदोलन करणारं आणि बाईच्या गाभाऱ्यातल्या पावलावरून बिथरणारं गाव एकच. विधीवर हक्क सांगणारे सगळे एकाच दिशेनं जातात, असं समजण्याचं कारण नाही.

विधीला हात घालणं सोपं का नसतं? विचार माणूस एकटा बदलू शकतो, मनातल्या मनात बदलू शकतो. विधी चारचौघांत करायचा असतो, म्हणून तो बदलायचा तर चारचौघांसमोरच बदलावा लागतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ते करून दाखवलं. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, 4 मे 2022 रोजी, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. दगडावर मनगट धरून बांगड्या फोडणारे हात बहुधा बायकांचेच असतात, आणि त्यांतल्या कित्येकींच्या स्वतःच्या बांगड्या कधीकाळी तशाच फुटलेल्या असतात. एकटीनं ‘मी नाही फोडणार’ म्हटलं तर ती भावकीला नको होते. गावानंच ठरवलं तर नकार द्यायचं ओझं एकीच्या डोक्यावर राहत नाही. महिन्याच्या आत राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. विधी बदलून मूळ दुखणं जातं का? गणपती पंचगंगेत न सोडता इराणी खण नावाच्या जुन्या खाणीत सोडले, निर्माल्य वेगळं गोळा केलं, तरी शहराचं सांडपाणी आणि इचलकरंजीच्या कापडप्रक्रियेचं पाणी नदीत यायचं थांबत नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ती काही मूर्तींमुळे नव्हे. कुंकू राहिलं म्हणून सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव चढत नाही. 1920 मध्ये शाहू महाराजांनी मुलींना देवाला जोगतिणी म्हणून सोडण्याविरुद्ध कायदा केला, तरी गडहिंग्लज-निपाणीकडे देवदासींच्या जटा कापण्याचं आणि त्यांच्या पोटापाण्याचं काम पुढे कित्येक दशकं कार्यकर्त्यांना करत राहावं लागलं. जट कापणं एका दुपारचं काम. त्यानंतर तिनं खायचं काय, हा प्रश्न वर्षानुवर्षांचा.

म्हणजे विधी हे औषध नव्हे. मात्र दाद मागण्याचा अधिकार तिथून मिळतो. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी कळशांत भरून, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि त्र्यंबोलीच्या पायरीवर ओततात. ही देवी अंबाबाईवर रुसलेली. दैत्याशी लढताना मदतीला आली, पण विजयाच्या सोहळ्यात तिचंच आमंत्रण राहिलं, म्हणून गावाकडे पाठ करून बसली, अशी कथा आहे. अंबाबाईला स्वतः उठून तिच्या भेटीला जावं लागलं, आणि ललितापंचमीला पालखी अजून जाते. डावललेल्याची समजूत दारी जाऊन काढायची असते, हे या गावाच्या विधीतच आहे. ते बाहेरून कुणी शिकवायला आलेलं नाही.

ज्याची कळशी त्या पायरीवर रिकामी होते, त्याला त्या पाण्यात काय मिसळलंय हे विचारण्याचा हक्क महापालिकेच्या कुठल्याही ठरावाआधी मिळालेला असतो. तो बजावायचा की नाही, एवढंच त्याच्या हाती उरतं. इथला देव माणसाला आंदोलन कर म्हणत नाही आणि करू नको असंही म्हणत नाही. पण सगळ्यांसमोर उभं राहून काहीतरी करायला लावतो, आणि सगळ्यांसमोर केलेल्या गोष्टीचा जाब कुणीही विचारू शकतो. घाटावरच्या राजानं तो विचारला, हेरवाडच्या ग्रामसभेनंही विचारला.