बापाचे तास

आपल्या कवितेत आई फार आली. मोळी वाहणारी, धुणी धुणारी, स्वतः उपाशी राहून पोरांना भरवणारी. बाप आला तो बहुतेक दारू पिऊन आला, नाहीतर मेल्यावर आला. जिवंत, शुद्धीवरचा बाप कुठं होता, हे आपण विचारलंच नाही.

तो कामावर होता. गावात त्याचे तास गावकीचे. पाटलाचा सांगावा आला की उठायचं, ढोर ओढायचं, टपाल घेऊन पळायचं. वतनाला घड्याळ नव्हतं. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. १९७२ च्या दुष्काळात माणसं गाव सोडून कारखान्यांकडं आली, आणि तास पाळीचे झाले. इथं कासारवाडीत रुळाच्या कडेच्या खोल्यांत वाढलेल्या आम्ही बाप पाहिला तो झोपलेला. रातपाळी करून आलेला, तोंडावर टॉवेल टाकलेला. 'गप बसा, बाप झोपलाय' हेच आमचं अंगाईगीत.

मग ज्याच्याजवळ वेळच नव्हता, त्याला बापपणाचा जाब विचारायचा का?

रामजी सुभेदारांकडं बघा. १९०१ साली ते कोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं भेटायला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणीच नाही. पत्र नोकरानं दिलंच नव्हतं. पोरं महाराची, हे कळल्यावर गाडीवाला गाडी हाकेना. दुप्पट भाडं देऊन पोरांनीच बैल हाकले. जवळ भाकरी असून पाण्यावाचून उपाशी झोपली. त्या रात्री बाप तिथं नव्हता. पोटानं त्याला लांब ठेवलं होतं, आणि जातीनं त्याची शिक्षा पोरांना दिली.

तेच रामजी पुढं परळच्या चाळीत, एकाच खोलीत, रात्री दोनपर्यंत जागायचे. दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि त्यांच्या जागेवर पाठ टेकायचे. पुस्तकाला पैसे नसले की लेकींच्या दारी जायचे, दागिना मागून गहाण टाकायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. देवमाणूस नव्हते ते. दुसरं लग्न केलं, ते पोराच्या मनाला लागलं. आणि दागिने दिले त्या बहिणींचा हिशोब तर आपण अजून मांडलेलाच नाही. पण दिवस नोकरीनं नेला, तेव्हा या माणसानं आपली रात्र पोराला दिली.

म्हणून मी म्हणतो, गरिबी हे कारण आहे, परवाना नाही. साहेबानं अपमान केला म्हणून बापाचा हात का शिवशिवतो, ते मला कळतं. पण तो हात घरातल्या पाठीवर पडतो, साहेबावर नाही. म्हणजे कुणावर उचलायचा, हे त्याला ठाऊक असतं. निवड तिथं आहे, म्हणून जाबही तिथंच आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आणण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली, आणि त्याच साली तिचा कायदा झाला. आठवड्याला सहा तास माणसाच्या पदरात पडले. ते सहा तास कुणाचे? गुत्त्याचे? पत्त्यांचे? का पोरीच्या पाटीचे?

आता काही कार्यकर्ते म्हणतील, 'बाबासाहेबांनी तरी कुठं घर बघितलं?' हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यांच्या पाच लेकरांतली चार गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांचं दुःख मावत नाही. ते त्यांनी त्याग म्हणून मिरवलं नाही. घर रमाईनं ओढलं. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात ते गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्या नावावर आपली पळवाट कुणी खपवू नये.

आज केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला तशी रजा देणारा कायदा नाही. ही मागणी आपल्या युनियननं लावून धरली पाहिजे. पण रजा मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आपल्या बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. समतेवर बोलून आपण घरी जातो तेव्हा पोरं झोपलेली, बायको ताट झाकून जागी. बैठक आठला संपवा. साडेआठला पोराची वही उघडा. अक्षर येत नसलं तरी शेजारी बसा. आपल्या बापांना ती मुभा नव्हती. आपल्याला आहे, थोडी का होईना.