खवळलेल्या पाण्यासाठी कयाक घेताना

चि. मुक्ता,


तू पाठवलेले फोटो पाहिले. होडी देखणी आहे. साडेसतरा फूट लांब, फायबरग्लासची, जुनी असूनही निगुतीनं वापरलेली, आणि किंमतही रास्त. पण तूच लिहितेस की लिव्हरपूलच्या नोकरीत स्थिरावलीस की तुला इथे माझ्याकडे, वेल्समधल्या अँगलसीच्या पश्चिम किनाऱ्यावर, टाइड रेसमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहानं खवळणाऱ्या पाण्यात वल्हवायचं आहे. त्या कामाला ही कयाक घेऊ नकोस. इतक्या ठामपणे का म्हणते, ते सविस्तर लिहिते.

आधी पाणी बघ, मग होडी. साउथ स्टॅकच्या दीपगृहाच्या दक्षिणेला पेनरिन माउर नावाचं टोक आहे. भरतीचा प्रवाह तिथून उत्तरेकडे जातो आणि उधाणाच्या दिवसांत पाच-सहा नॉटनं धावतो. पाण्याखालच्या खडकांवरून एवढं पाणी ढकललं गेलं की जागच्या जागी लाटा उभ्या राहतात. वारा प्रवाहाच्या उलट असला तर त्या आखूड होतात, उभ्या होतात आणि फुटायला लागतात. तू चांगलं वल्हवलंस तरी साडेतीन-चार नॉटच्या पुढे फार वेळ टिकणार नाहीस, म्हणजे त्या प्रवाहाशी झुंजायचा प्रश्नच नाही. तिथे एकच गोष्ट कामाची: खडकाच्या आडोशाला जे संथ पाणी असतं, त्यात क्षणात वळून शिरता येणं. जी होडी वळत नाही ती तिथे तुला घेऊन जाईल, पण तुझ्या मर्जीनं नाही.

लांब होडी वेगवान असते, हे तुला कुणी तरी सांगितलेलं दिसतं. गणितात ते खरंच आहे. पाण्यात बुडणाऱ्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं, की होडीच्या वेगाची ढोबळ मर्यादा नॉटमध्ये मिळते. सतरा फुटांना साडेपाच, पंधरा फुटांना पाच पूर्णांक दोन. आता सांग, चार नॉटवर दमणाऱ्या माणसाला हा फरक कुठे वापरायला मिळणार? उलट त्या वेगाला पाण्याचं घर्षणच जास्त जाणवतं, आणि लांब होडीचं पाण्याला लागणारं अंगही सहसा जास्त असतं.

लांबीचा उपयोग सामान वाहायला होतो. नॉर्डकॅप ही गाजलेली कयाक फ्रँक गुडमन यांनी १९७५ च्या नॉर्वेतल्या मोहिमेसाठी घडवली आणि मोहिमेचंच नाव तिला मिळालं. १९७७ मध्ये गुडमन आणि त्यांचे साथीदार त्याच बनावटीच्या होड्यांतून केप हॉर्नला वळसा घालून आले. पॉल कॅफिन यांनी १९८१-८२ मध्ये नॉर्डकॅपमधूनच सगळ्या ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली. आठवड्यांचं अन्न, तंबू, पाणी भरलं की ती होडी भक्कम बसते. रिकामी असली की डुचमळते. तू रविवारी सकाळी डबा आणि थर्मास घेऊन निघणार, तेव्हा अशी लांब होडी तुला नेमकी तिच्या वाईट अवस्थेत भेटेल.

याच कॅफिन यांच्याबरोबर १९८० मध्ये ब्रिटनची प्रदक्षिणा करणारे नायजेल डेनिस पुढे अँगलसीत स्थायिक झाले आणि त्यांनी रोमनी ही कयाक घडवली. ती फक्त सोळा फुटांची. इतका लांब पल्ला मारलेल्या माणसाला या पाण्यासाठी आखूड होडी करावीशी वाटली, हे मला फार बोलकं वाटतं. आज टाइड रेससाठी बनवलेल्या बहुतेक कयाक पंधरा ते सोळा फुटांच्याच असतात.

लांबीइतकाच महत्त्वाचा तळाचा बाक. इथे त्याला रॉकर म्हणतात. होडी बाजूनं बघितलीस तर तिची दोन्ही टोकं झुलत्या खुर्चीच्या पायांसारखी वर उचललेली दिसली पाहिजेत. दोन लाटांमधल्या घळीत अशी होडी मावते, तिची नाळ पुढच्या लाटेत घुसत नाही, आणि लाटेच्या माथ्यावर टोकं पाण्याबाहेर असताना एका फटक्यात ती फिरते. सरळ तळाची होडी शांत पाण्यात बाणासारखी जाते. तुझ्या फोटोतली तशीच आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे ते. तुझं वजन पंचावन्न किलो. ती होडी ऐंशी-नव्वद किलोच्या माणसासाठी बेतलेली आहे. तू बसलीस की ती पाण्यावर तरंगत राहील, नीट बसणार नाही. वारा तिला ढकलेल आणि तू दिवसभर तिला सरळ ठेवण्यातच दमशील. वर्षानुवर्षं इथे मुलींना मोठ्या होड्यांत बसवून ‘तुझी ताकद कमी पडते’ असं सांगितलं गेलं. मला त्याचा आजही संताप येतो. ताकद पुरेशी असते, होडी चुकीची असते. बऱ्याच कयाकच्या नावापुढे एलव्ही असं लिहिलेलं असतं, म्हणजे कमी आकारमानाची. व्हॅली कंपनीची अॅव्होसेट, पी अँड एच कंपनीची डेल्फिन १५० अशा लहान बांध्याच्या होड्या मुद्दाम शोध.

बसून बघताना मांड्यांकडे लक्ष दे. गुडघे बाहेरच्या बाजूला वळून मांड्या वरच्या पट्ट्यांना टेकल्या पाहिजेत, पावलं पायटेकूवर, कमरेच्या दोन्ही बाजूंना फार तर बोटभर जागा. एक गुडघा वर उचलताच होडी त्या बाजूनं उठली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर फोमचे तुकडे कापून चिकटवता येतात, ते मी करून देईन. पण मुळातच मोठी असलेली होडी फोमनं लहान होत नाही.

संथ पाण्यात जी एकदम स्थिर वाटते तिच्यावर भाळू नकोस. रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. पृष्ठभागच लाटेनं तिरका झाला की होडीही तिरकी, आणि तूही. तारकर्लीला आपण वरती बसायच्या प्लास्टिकच्या कयाक चालवल्या, त्या तिथल्या कोमट पाण्यात, खाडीच्या तोंडाशी योग्यच आहेत. इथे मार्चमध्ये पाणी आठ अंशांच्या आसपास असतं. साधारण पंचावन्न सेंटिमीटर रुंदीची होडी पहिल्यांदा अस्वस्थ करेल, पण कलंडली की एका जागी टेकते आणि तिथे थांबते. त्या टेकण्यावर विश्वास बसायला थोडे दिवस जातात, एवढंच.

उलटल्यावर काय होतं, हेही विकत घेण्याआधीच बघायचं. पुढेमागे पाणबंद भिंती हव्यात, आणि मागची भिंत सीटच्या अगदी पाठीशी हवी. मग सोबत्यानं नाळ आपल्या होडीवर ओढून घेतली की आतलं सगळं पाणी निघून जातं. भिंत लांब असली तर मागे साचलेलं पाणी तिथेच राहतं, आणि पाण्याचा एकेक लिटर म्हणजे एकेक किलो. कडेनं फिरवलेला दोर हाताला घट्ट लागतो का, तेही ओढून बघ.

स्केग, म्हणजे तळातून खाली सोडायचं पातं, हवंच. वारा बाजूनं आला की कयाक तोंड वाऱ्याकडे फिरवते. पातं सोडलं की मागची बाजू पाण्यात धरून राहते. किनाऱ्यावरचा एखादा खडा त्याच्या खाचेत अडकला की पातं बाहेर येत नाही. म्हणून पात्याला भोक पाडून बारीक दोरीचं एक वेढं बांधायचं, सोबती खालून ओढून मोकळं करतो.

पहिली होडी प्लास्टिकची घे. चार-पाच किलो जड पडेल, पण खडकांवर घासायला तू कचरणार नाहीस आणि शिकणं तिथेच होतं. फक्त उन्हात गाडीवर आवळून ठेवू नकोस, तळाला खळगे पडतात.

आता एवढं कर. विकणाऱ्याला कळव की घेणार नाही. भांगाच्या आठवड्यात, प्रवाह मंद असतो तेव्हा, शनिवारी इकडे ये. माझी आखूड होडी आणि क्लबमधली एक एलव्ही, दोन्ही काढून ठेवते. सकाळी ट्रेआर्डर बेमध्ये बसवून बघू, एकदा दोन्ही उलट्या करू, मग पेनरिन माउरच्या टोकाच्या कडेनं जाऊ. ड्रायसूट माझा तुला होईल. लोकरीचे मोजे मात्र आण.

तुझी,
आत्या