ताटीबाहेर उभी असलेली मुक्ताई

ताटीच्या अभंगांची कथा आपण कीर्तनात कितीतरी वेळा ऐकली आहे. कोणीतरी ज्ञानोबारायांना टोचून बोलले. त्यांचे मन विटले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि ताटी उघडा म्हणून विनवू लागली. या विनवणीचेच अभंग झाले. कीर्तनकार ते क्षमेवर लावतात, संतांच्या लक्षणांवर लावतात, आणि ते योग्यच आहे. पण आज आपण जरा वेगळा विचार करू. हे अभंग अनाथ लेकरांच्या घरातले आहेत, हे आपल्या ध्यानात राहते का?

परंपरेने मानलेला काळ पाहा. निवृत्तीनाथांचा जन्म 1273 चा, ज्ञानदेवांचा 1275 चा, सोपानदेवांचा 1277 चा आणि मुक्ताईचा 1279 चा. संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. प्रायश्चित्त म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देह ठेवला. लेकरांना समाजात घ्यावे म्हणून आईबाप गेले, आणि तरीही लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. ज्या वयात आईच्या पदराला धरून चालायचे, त्या वयात ही चार भावंडे एकमेकांचा हात धरून चालली. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये पूर्ण झाली असे मानतात. तेव्हा मुक्ताई जेमतेम अकरा वर्षांची होती.

आता ताटीकडे पाहा. ताटी म्हणजे कामट्यांचे हलके दार. त्याला कुलूप नसते आणि जाड फळ्याही नसतात. दोन्ही हातांनी ढकलले तर ते सरकते. मुक्ताईला ते ढकलता आले असते, पण तिने ढकलले नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली. दुःखाने मिटलेले मन बाहेरून जोर लावून उघडत नाही. ज्याचे आहे त्याने आतून उघडावे लागते, आणि तोवर कोणीतरी दाराशी थांबावे लागते. या अभंगांचा अर्धा उपदेश तिच्या शब्दांत आहे, आणि अर्धा तिच्या थांबण्यात.

ती काय सांगते? जग आगीसारखे झाले तरी संताने पाण्यासारखे व्हावे. आपल्याच दातांखाली आपली जीभ आली, म्हणून कोणी दात पाडत नाही. लोक परके नाहीत, मग राग कोणावर धरायचा?

इथे आपण विचाराल, मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? तसे मुक्ताईने म्हटलेले नाही. टोचून बोलणारा बरोबर होता, असे तिने कुठेही सांगितले नाही. ती जखमी माणसाशी बोलते आहे. ज्यांनी दुखावले त्यांच्यामुळे स्वतःला कोंडून घेऊ नका, कारण तुमच्याकडे जगाला देण्यासारखे काही आहे, एवढेच तिचे म्हणणे आहे. ज्ञानदेवांनी ते मानले. म्हणून पसायदानात दुष्टांसाठी शिक्षा मागितलेली नाही, त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे एवढेच मागितले आहे. ज्यांचे आईबाप गावाच्या निष्ठुरपणाने गेले, त्या घरातून हे मागणे आले, म्हणून त्याला वजन आहे.

आणखी एक गोष्ट. हे सांगण्याचा अधिकार मुक्ताईला कोठून आला? ज्ञानदेवांनी जे गमावले तेच तिनेही गमावले होते. एकच घाव दोघांवर पडला होता. हेच शब्द एखाद्या सुखवस्तू शेजाऱ्याने ऐकवले असते, तर ते मीठ चोळल्यासारखे झाले असते. 'धीर धर, सगळे देवाच्या इच्छेने होते' असे आपण सहज बोलून जातो. बोलण्याआधी आपण त्या दाराशी किती वेळ उभे राहिलो, हे स्वतःला विचारावे.

हा प्रश्न आपल्या वऱ्हाडात नुसता पोथीतला नाही. चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा या पट्ट्यातली खेडी कापूस, तूर आणि सोयाबीनवर जगतात. नापिकी आणि कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याच्या किती बातम्या आपण ऐकल्या! तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते, पुढे ओसरी रिकामी होते. जाताना जो तो दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, 'आता तूच घरचा कर्ता, रडू नको.' पोर रडणे थांबवते आणि आपण म्हणतो, किती समंजस आहे! ते समंजस झाले की त्याने आतून ताटी लावून घेतली?

मुक्ताईच्या शहाणपणाचे गुण गाताना हे विसरू नये की याच अभंगांत ती स्वतःला लाडकी म्हणवते. भावाला उपदेश करणाऱ्या त्या मुलीला कोणाची तरी लाडकी राहायचे होते. दुःखाने तिला मोठे केले, पण तिच्यातले लेकरू मरू दिले नाही. दुःख पचवणे म्हणजे काय, ते इथे दिसते. डोळ्यांतले पाणी आटवावे लागत नाही आणि मायाही आटू द्यावी लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले गुलाबराव महाराज पाहा. 1881 चा जन्म. अवघ्या काही महिन्यांचे असताना डोळे गेले, चार वर्षांचे असताना आई गेली. पुढे ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. सहाशे वर्षांपूर्वी पोरक्या झालेल्या ज्ञानोबांनाच त्यांनी मायबाप केले. पण माउलींच्या कुशीत जाण्याआधी त्या आंधळ्या लेकराला आजीने सांभाळले होते, हेही ध्यानात ठेवावे. देवाची माया माणसाच्याच हाताने येते.

वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तिथून दर आषाढीला पालखी पंढरीला जाते. आपण पंढरीला माहेर म्हणतो, विठोबाला आई म्हणतो. मग ज्या लेकराची आई किंवा बाप गेला, त्याला हे माहेर आपण दाखवायला नको का? फार काही करावे लागत नाही. संध्याकाळच्या हरिपाठाला त्याला बोलवावे आणि हाती टाळ द्यावेत. गायले तर गाऊ द्यावे, रडले तर रडू द्यावे, गप्प बसले तर शेजारी गप्प बसावे. शाळेची फी, वह्या, आईच्या पेरणीची सोय यांचीही विचारपूस करावी, कारण रिकाम्या पोटाला निरूपण कळत नाही. महिनाभराने पुन्हा जावे, आणि वर्षाने पुन्हा.

ताटी ते आपल्या वेळेने उघडेल. उघडेल तेव्हा बाहेर कोणीतरी उभे असावे.

रामकृष्णहरी!