कपाटातला ग्रंथ कोणाचा?

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात हिलमार्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील संत लॉरेन्सच्या चर्चमध्ये एक जाडजूड जुने बायबल वर्षानुवर्षे पडून होते. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ते दृष्टीस पडे. परंतु थांबून त्याकडे पाहावे असे कोणास वाटत नसे. राजा जेम्सच्या कारकीर्दीत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलला २०११ साली ४०० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने जाणकारांनी हा ग्रंथ तपासला आणि तो १६११ सालच्या मूळ छपाईतील असल्याचे निष्पन्न झाले. मग बातम्या झळकल्या. आदल्या दिवशीपर्यंत जे अडगळीत जमा होते ते एका रात्रीत धन झाले.

ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला कौतुक वाटले, आणि मागोमाग थोडी अस्वस्थताही वाटली. ग्रंथात तर काहीच बदलले नव्हते. तेच शब्द, तीच पाने. बदलली ती आपली नजर, आणि तीही किंमत कळल्यावर. देवाच्या वचनाची थोरवी आपल्याला लिलाववाल्याने सांगावी लागावी, हे काही भूषण नव्हे.

अशा वेळी लहान धर्मग्रामापुढे जो प्रश्न उभा राहतो तो साधा वाटतो, पण तसा नाही. छप्पर गळते आहे, भिंतींना ओल आली आहे, धर्मग्रामातील चार कुटुंबांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, आणि कपाटात लाखमोलाचा ग्रंथ आहे. तो विकावा काय? आणि विकण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांना काल-परवापर्यंत त्याची दखलही नव्हती त्यांचा?

विकावा असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने फार मोठी साक्ष आहे, आणि ती आम्ही हलकी मानत नाही. ज्या संत लॉरेन्सच्या नावे हिलमार्टनचे चर्च आहे, त्याच्याकडे रोमच्या अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना मागितला, तेव्हा त्याने गोरगरिबांना पुढे उभे केले आणि हाच आमचा खजिना असे सांगितले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. २५८ साली त्याला रक्तसाक्ष्य द्यावे लागले. पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी बंदिवानांच्या सुटकेसाठी वेदीवरची पवित्र पात्रे वितळवली. त्यावर टीका झाली, तेव्हा त्यांनी आपल्या कृतीचे ठामपणे समर्थन केले. सोन्याला भूक लागत नाही, माणसाला लागते. या विचारापुढे कोणत्याही जुन्या वस्तूचे प्रेम फिके पडते.

तरीही ग्रंथ म्हणजे पात्र नव्हे. चषक वितळवला तर उद्या दुसरा घडवता येतो आणि मिस्साबलीत काही उणे पडत नाही. जुना ग्रंथ एकदा हातचा गेला, एखाद्या धनिकाच्या तिजोरीत बंद झाला, की त्याची जागा दुसरा भरून काढत नाही. शिवाय त्यावर हात फिरलेले असतात. समासात कुणी पुसटशी खूण केलेली असते, पानावर मेणबत्तीचा थेंब गोठलेला असतो. ते धर्मग्रामाचे स्मरण असते. स्मरण विकण्याचा अधिकार एका पिढीला कितपत आहे याविषयी आम्हांला शंका आहे. धर्मग्राम म्हणजे केवळ आज रविवारी बाकावर बसलेली माणसे नव्हेत. दफनभूमीत निजलेलेही त्यातच आले, आणि अजून ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा आहे तेही. १९८३ च्या धर्मसंहितेने ऐतिहासिक वा कलादृष्ट्या मौल्यवान वस्तू परस्पर विकण्यास मनाई करून त्यासाठी थेट रोमची परवानगी आवश्यक ठेवली आहे. पुष्कळांना ही कागदी अडवणूक वाटते. आम्हांला मात्र तीत गैरहजर असलेल्यांची बाजू मांडलेली दिसते.

या बाबतीत इंग्लंडमधीलच आणखी दोन उदाहरणे विचार करायला लावणारी आहेत. सातव्या शतकातील संत कथबर्ट यांच्या शवपेटीत ठेवलेली संत योहानच्या शुभवर्तमानाची एक छोटी हस्तलिखित पोथी ११०४ साली डरहॅम येथे ती पेटी उघडली तेव्हा सापडली. १७६९ पासून ती येशूसंघीयांकडे होती. २०१२ साली त्यांनी ती ब्रिटिश लायब्ररीला ९० लाख पौंडांस दिली. त्या पैशांतून शिक्षणकार्य आणि स्टोनीहर्स्ट येथील संत पेत्राच्या चर्चची दुरुस्ती करण्याचे योजले होते. म्हणजे छपरासाठी ग्रंथ गेलाच. परंतु तो सार्वजनिक ग्रंथालयात गेला, डरहॅमलाही त्याचे दर्शन घडावे अशी तजवीज झाली, आणि कोणीही जाऊन तो पाहू शकतो. अशा विक्रीला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही.

दुसरे उदाहरण रॅनवर्थ या खेड्याचे. पंधराव्या शतकात तेथील धर्मग्रामासाठी प्रहरप्रार्थनेच्या गीतांचा एक चित्रमय लॅटिन ग्रंथ चर्मपत्रावर लिहिला गेला. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत जुने उपासनाग्रंथ नष्ट करण्याचा कायदा झाला. कित्येक ग्रंथांची पाने हिशेबाच्या वह्यांना पुठ्ठे बांधण्याच्या कामी लागली. रॅनवर्थचा ग्रंथ कसाबसा वाचला, पण गावाबाहेर गेला. १९१२ साली तो विकत घेऊन पुन्हा त्याच चर्चमध्ये आणण्यात आला. ज्या पंथाने तो हद्दपार केला, त्याच पंथाच्या लोकांनी तो परत आणून मानाने ठेवला! ती गीते आता तेथील उपासनेत राहिलेली नाहीत, तरी ती आपल्या गावाची आहेत एवढे त्यांना पुरेसे वाटले.

येथवर येऊन आमचे मन साहजिकच आपल्याकडे वळते. त्याला कारणही आहे. हिलमार्टनपासून जवळच, त्याच विल्टशरमध्ये बुश्टन नावाची वस्ती आहे. आपले फादर थॉमस स्टीफन्स तेथले. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे हिलमार्टनचे बायबल आणि आपले पुराण यांच्या छपाईत अवघे ५ वर्षांचे अंतर. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. रविवारी आणि सणासुदीला गावोगावच्या चर्चमधून त्याच्या ओव्या वाचल्या जात. हा ग्रंथ खऱ्या अर्थाने लहान चर्चचा ग्रंथ होता. आज त्या तिन्ही छपायांची एकही प्रत उपलब्ध नाही. दमट हवा आणि वाळवी होतीच. त्यात १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. तिकडचे बायबल कोणी फारसे उघडले नाही म्हणून कदाचित टिकले. आपले पुराण हाताळून हाताळून झिजले असावे, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण तो मोह आवरला पाहिजे. ते केवळ वाचून झिजले नाही, त्याला पोरकेही केले गेले.

आणि तरीही ते उरले. कानडी मुलखातील ख्रिस्ती घरांतून त्याच्या हस्तलिखित नकला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापून निघाले. ज्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात जवळजवळ ११ हजार ओव्या उतरवून काढल्या असतील, त्यांना त्या कागदाची बाजारातील किंमत कधीच ठाऊक नव्हती. घरात वाचायला हवे म्हणून त्यांनी लिहिले. मालकीचा प्रश्न त्यांना पडला असेल असे वाटत नाही.

म्हणून विकावे की ठेवावे हा वाद आम्हांला अर्धाच वाटतो. विक्रीने जेवढे ग्रंथ गेले नाहीत तेवढे आपल्याकडे दुर्लक्षाने गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, त्याचा आनंद आम्ही आजही विसरलो नाही; पण त्या आनंदात लॅटिन मिस्साग्रंथ, जुनी स्तोत्रपुस्तके, स्नानसंस्काराच्या नोंदवह्या कोठे गेल्या हे किती धर्मग्रामांत विचारले गेले? धर्मसंहिता जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपण्यास सांगते, मौल्यवान वस्तूंची यादी करण्यास सांगते. १९९७ साली रोमहून ख्रिस्तसभेच्या दप्तरखान्यांविषयी स्वतंत्र पत्रकही आले. यादी करायला पैसा लागत नाही. एक वही, एक पेन आणि सुटीतली दोन-चार कॉलेजची मुले पुरतात.

आमच्याही चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत एक शिसवी कपाट आहे. किल्ली हरवून बरीच वर्षे झाली. आत जुनी पुस्तके आहेत एवढेच सारे सांगतात. पावसाळ्यात त्याच्या पायाशी मातीची बारीक रेघ चढताना दिसली, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही कुलूपवाल्याला निरोप धाडला आहे.