फळ कुणाचं, त्याग कुणाचा?

निनावी कारागिराचं आपल्याला भारी कौतुक. नाव नाही म्हणजे अहंकार नाही, आणि अहंकार नाही म्हणजे निष्काम कर्म, असा हिशेब आपण झटकन मांडतो. फ्रान्समधल्या बायो गावच्या नऊशे वर्षं जुन्या भरतकामाविषयी वाचल्यापासून मला तो पटत नाही.

त्याला टॅपेस्ट्री म्हणत असले तरी ते लिननवर लोकरीने भरलेलं आहे. लांबी सुमारे 70 मीटर, उंची जेमतेम अर्धा मीटर. विषय 1066 सालचा, नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं त्याचा. आकृतीच्या कडेला दांडी टाका. आतली जागा भरताना आधी लोकरीचे धागे चिकटून चिकटून टाकायचे, त्यांवर अंतराअंतराने आडवे धागे, आणि ते बारीक टाक्यांनी पक्के करायचे. त्यामुळे बहुतेक लोकर दर्शनी बाजूलाच राहते. घोड्याचे पलीकडचे पाय वेगळ्या रंगात, म्हणजे चार पायांची गल्लत नको. ही नजर कुणाची? कापडावर विल्यमचं नाव आहे, टुरोल्ड, वडार्ड अशा दुय्यम माणसांचीही आहेत. भरणाऱ्या हातांपैकी एकाचंही नाही.

1885-86 मध्ये इंग्लंडमधल्या लीकच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी पस्तीसेक बायकांना जमवून याची लोकरीतच प्रतिकृती भरून घेतली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्या प्रतिकृतीत प्रत्येकीने आपल्या तुकड्याखाली स्वतःचं नाव भरलं. तेवढ्याने त्यांचं काम हिणकस ठरलं का?

तरुणपणी मी मॅटीवर लोकरीने राधाकृष्ण भरला होता. प्रदर्शनात तो शिवणवर्गाच्या नावाने लागला. "अगं, देवाचं काम, त्याला नाव कशाला?" बाई म्हणाल्या. वर्गाची पाटी मात्र ठळक अक्षरांत होती.

गीता फळाची आशा सोडायला सांगते. दुसऱ्याच्या हातचं फळ काढून घ्या असं सांगत नाही. सोडायचं ते आधी आपलं असावं लागतं. ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांच्या निनावीपणाला त्याग कसं म्हणायचं? अहंकार सोडा म्हणणाऱ्या संतांनीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवलीच. अहंकार जाणं वेगळं, नाव पुसलं जाणं वेगळं.

तुमच्या घरी आई-आजीने भरलेलं तोरण किंवा चौकट असेल, तर मागच्या बाजूला तिचं नाव भरून ठेवा. ती हयात असेल तर आधी तिला विचारा. नको म्हणाली, तर तो तिचा त्याग.