दोन टींमधली वाट

गोल्फमध्ये पटिंगच्या सरावात सगळ्यात जास्त फसवतो तो होलमध्ये पडलेला चेंडू. तो टपकन आवाज कानाला इतका गोड लागतो की स्ट्रोक बरोबरच होता, असं आपण धरून चालतो. खरं तर कित्येकदा निशाणा डावीकडे लागलेला असतो, ऐन फटक्याच्या क्षणी पटरचा फेस उजवीकडे उघडतो आणि दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेतात. चेंडू आत जातो आणि आपण त्याच दोन चुका घोटत बसतो.

होलचा व्यास सव्वाचार इंच. सपाट ग्रीनवर दहा फुटांवरून चेंडू नुसता एक अंश वाकडा निघाला, तर होलच्या मध्यापासून दोन इंचांहून थोडा जास्तच सरकतो, म्हणजे थेट कडेवर. एक अंश डोळ्यांना दिसत नाही, हातांनाही जाणवत नाही. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेसवर ठरते. पटर कोणत्या वाटेने मागेपुढे गेला, याचा वाटा त्या मानाने फार कमी. तरीही नवखे लोक त्या वाटेच्याच मागे तासन्‌तास घालवतात, याचं मला वाईट वाटतं.

फेस तपासायचा तर चेंडूच्या दीड फूट पुढे दोन टी रोवा, मध्ये सव्वादोन इंच जागा सोडा आणि चेंडू त्यातून मारा. चेंडू 1.68 इंचांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना पाव इंचाच्या आसपासच मोकळीक उरते आणि एक अंशाची चूकही टीला घासते. तानपुरा लावून रियाज करणाऱ्याला सूर जरासा उतरला तरी लगेच कळतं, तसं हे आहे. टायगर वूड्स पटरच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना टी रोवून एकट्या उजव्या हाताने छोटे पट मारतो. तिथे फटका पटरच्या मधोमध बसतोय का, हे तपासलं जातं.

वेगाचा सराव निराळा. त्यासाठी होल नसलेलाच बरा: पट मारा, वर न पाहता चेंडू कुठे थांबला असेल ते सांगा, मग पाहा.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली अदिती अशोकचे ड्राइव्ह इतरांच्या बरेच मागे पडत होते. पटरच्या जोरावर ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली. तिथला लांबचा बर्डी पट पडला नाही आणि एका फटक्याने ती चौथी आली. चेंडू पडला की नाही एवढंच मोजायचं, तर तो आठवडा अपयशाचा ठरवावा लागेल. मला ते मान्य नाही. त्या चार दिवसांत तिचा स्ट्रोक कसा होता, हे त्या एका पटवरून कळत नाही.

सामन्यात टी रोवलेले नसतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सरावाचा शेवटचा भाग टी उपटून, एकच चेंडू घेऊन करावा: दर वेळी नवं अंतर, नवा उतार, लाइन नीट वाचून एकच पट. चुकला तर तोच पुन्हा मारायचा नाही.