गुंतवणूक कुणाची, जोखीम कुणाची?

गरिबाला मदत का करावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने आपापल्या भाषेत दिले आहे. आपल्या आजी-आजोबांनी ते पुण्य आणि सवाबच्या भाषेत दिले. पुढच्या पिढीने हक्क आणि समतेच्या भाषेत दिले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिसरीच भाषा रूढ झाली आहे, ती बाजाराची. गरिबांत पैसा गुंतवा, त्यांच्या हाती पैसा खेळू लागला की मागणी वाढेल, उत्पादन वाढेल आणि साऱ्या जगाची अर्थव्यवस्था वर येईल, असे ही भाषा सांगते. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ साली पुस्तक लिहून जगातील बड्या कंपन्यांना हाच सल्ला दिला होता.

हे म्हणणे खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण 'गुंतवणूक' हा शब्द वापरायचा, तर त्याचा पूर्ण अर्थ आपण स्वीकारायला हवा. गुंतवणूक करणारा नफ्याचा वाटेकरी असतो, तसा तोट्याचाही असतो. गरिबाच्या बाबतीत नेमके हेच सोयीस्करपणे विसरले गेले.

सुरुवात फार चांगल्या हेतूने झाली होती. १९७६ साली बांगलादेशात चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात फिरत होते. तिथे त्यांना बांबूची मोढी विणणारी एक स्त्री भेटली. पाच टाक्यांचा बांबू घ्यायला तिच्याजवळ पैसे नव्हते. ते व्यापारी देत असे. पण तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागे. दिवसभराच्या मेहनतीचे तिला पन्नास पैसे उरत. भिवंडी-मालेगावच्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने यंत्रमाग चालवणारा छोटा मागवाला याच फासात अडकलेला असतो. युनूस यांनी चौकशी केली, तेव्हा गावातील बेचाळीस जणांची मिळून गरज भरली ८५६ टाका, म्हणजे सत्तावीस डॉलरही नव्हे. ती रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून, जमेल तेव्हा परत करा, असे सांगून दिली. त्यातूनच १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ साली युनूस आणि बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले.

पण गरीब माणूस कर्ज बुडवत नाही, हे सिद्ध झाल्याबरोबर तो भांडवलदाराच्या नजरेत भरला. मेक्सिकोतील कोंपार्तामोस ही मुळात सेवाभावी संस्था. ती ऐंशी टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ लागली आणि २००७ साली शेअर बाजारात उतरून तिच्या भागधारकांनी अमाप पैसा मिळवला. खुद्द युनूस यांनी त्यावर टीका केली. आपल्याकडे आंध्र प्रदेशात एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली. दर आठवड्याला हप्ता, आणि एकीने चुकवला तर साऱ्या गटावर दबाव. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला.

पुढे २०१५ साली भारत, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया या सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. लहान कर्जांमुळे काही घरांचे धंदे वाढले, अडीनडीला आधार झाला. पण गरिबी हटेल असा फरक कुठेही पडलेला दिसला नाही.

असे का झाले असावे? आमच्या मते, याला गुंतवणूक म्हटले गेले तरी व्यवहार सावकारीचाच राहिला. कर्जावर म्हैस घेतली आणि ती मेली, तर म्हैसही गेली आणि हप्ताही उरला. सारी जोखीम सर्वांत दुबळ्या माणसाच्या शिरावर टाकायची आणि खात्रीचे व्याज आपण घ्यायचे, याला गुंतवणूक म्हणता येत नाही. जुन्या मुस्लिम व्यापारात मुदारबा नावाचा करार असे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा झाला तर ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. तोटा झाला तर पैसा भांडवलवाल्याचा गेला आणि मेहनत कष्टकऱ्याची गेली. कष्टकऱ्याने हयगय केली नसेल, तर त्याच्याकडून बुडालेला पैसा वसूल करता येत नसे. व्याज हराम की हलाल, या वादात आपण पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या. पण त्यामागचा खरा प्रश्न, जोखीम कुणी उचलायची, हा मागेच पडला.

ज्यांनी जोखीम स्वतः उचलली, त्यांचे अनुभव वेगळे आहेत. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब स्त्रियांना कर्जाऐवजी गाय किंवा शेळ्या थेट देऊन टाकल्या. सोबत प्रशिक्षण दिले आणि काही महिने खर्चाला थोडे पैसे. याच पद्धतीची सहा देशांत पाहणी झाली. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी त्या कुटुंबांचे खाणे-पिणे आणि मिळकत सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. तिथला हिशेब तोट्याचा निघाला, पण मेलेल्या कोंबड्यांचे हप्ते कुणाला फेडावे लागले नाहीत.

केनियातील सियाया भागात २०१४ पासून साडेदहा हजार गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर देण्यात आले, परत न घेण्याच्या अटीवर. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथली उलाढाल सुमारे अडीच डॉलरनी वाढली, ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचीही मिळकत वाढली आणि महागाई जवळजवळ वाढलीच नाही. गरिबाच्या हातचा पैसा गावच्या दुकानात, शिंप्याकडे, गवंड्याकडे जातो आणि पुन्हा फिरतो.

आपल्या महाराष्ट्राने तर हे फार आधी करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना फोफावली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि त्या पैशावर खेड्यात पाझर तलाव, विहिरी, बंधारे झाले. शहराने खेड्यात केलेली ती गुंतवणूकच होती. तिचा परतावा शेतात उभा राहिला.

तेव्हा गरिबांत घातलेल्या पैशाने अर्थव्यवस्था वाढते, हे आम्हांला मान्य आहे. प्रश्न पुढचा आहे. वाढते म्हणूनच द्यायचे काय? मग जो काही परत देऊ शकत नाही, त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली म्हातारी, अपंग मूल, विडी वळून फुप्फुसे गमावलेली बाई, यांच्यावर खर्च केलेला पैसा कुठल्याच बाजारात अडीचपट होत नाही. परतावा हेच कारण ठरले, तर पहिल्यांदा यांचीच नावे यादीतून जातील. जागतिक बँकेच्या आजच्या मोजमापाप्रमाणे दिवसाला तीन डॉलरही न मिळणारी सुमारे ८० कोटी माणसे जगात आहेत. त्यांतली किती फायद्याची आणि किती तोट्याची, हे कोण ठरवणार?

याचा अर्थ गरिबाला कर्ज देऊच नये, असा नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात काही बँकांच्या 'नकारात्मक क्षेत्रां'ची नोंद केली आहे. त्या वस्त्यांत कर्ज सहजी मिळत नाही. दारच बंद असणे हाही अन्यायच. पण दार उघडताना हप्त्याची अट कष्टकऱ्याचा हंगाम पाहून ठेवावी आणि बुडीत गेले तर देणाऱ्यानेही वाटा उचलावा, एवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

केनियातील त्याच गावांच्या नंतरच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. जगलेल्या बाळांनी त्या वर्षी अर्थव्यवस्थेत एका पैशाचीही भर घातली नसेल. त्यांच्यासाठी पैसा खर्च करायला आणखी वेगळे कारण लागते, असे आम्हांला वाटत नाही.